झाडून ठेवलेले बगीचे

सरांचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला स्टेशनच्या पुलावर होते. खाली इटारसीकडची गाडी उभी होती, त्यामुळे पहिल्यांदा ते काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू आलं. "तुला प्रकल्पात घेतोय." मी पुलाच्या मधोमध, लोकांची वाट अडवून, "थँक्यू सर, थँक्यू सर" म्हणत राहिले. एक बाई गाठोडं घेऊन मागे खोळंबली होती. ती म्हणाली, "पोरी, आभार मानून झाले असन तं सरक थोडी." आज ते आठवलं की कान तापतात.

तेव्हा मात्र आनंदच होता. माझे बाबा पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. लाकडी फळ्या, खिळे आणि वर गवताचा थर. आता प्लास्टिकचे कॅरेट आले आणि ते काम बसलं, पण माझी फी त्याच पेट्यांतून गेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. मी सौंसरला मावशीकडे राहून शाळा शिकले, मग नागपूरला संख्याशास्त्र. पीएच.डी. सरांकडेच केली. त्यांनी मला पहिल्या दिवशी इंग्रजीत प्रश्न विचारला, मी मराठीत उत्तर दिलं, आणि ते हसले नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर मी त्यांना दहा वर्षं देव मानलं.

पुढे कॉलेजात कंत्राटी शिकवत होते. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक, दरवर्षी एप्रिलमध्ये निरोप. कायम नोकरीसाठी चांगल्या नियतकालिकात शोधनिबंध हवा आणि मोठ्या माणसाचं शिफारसपत्र हवं. दोन्ही गोष्टी सरांच्या हातात होत्या. प्रकल्प नीट झाला की दोन्ही मिळतील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

प्रकल्प होता संत्र्याच्या फळगळीचा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं पावसाळ्याच्या शेवटी, हिरवी असतानाच, झाडाखाली गळून पडतात. ती गळ थांबवणारं एक नवं औषध आलं होतं. ते खरंच उपयोगी आहे का, हे तपासायचं. कृषिशास्त्राचे एक डॉक्टर, ड्रोनने बगीच्यांची चित्रं घेणारा एक गट, त्या चित्रांवरून गळ ओळखणारा संगणकाचा प्रोग्राम लिहिणारे दोघे, सगळ्यांच्या वर सर, आणि मी. माझ्याकडे 'फील्ड' होतं. बैठकीत सर म्हणाले, "ही तिकडचीच आहे, लोक हिला ओळखतात." मला अभिमान वाटला होता. तिकडची असणं ही माझी एकमेव पात्रता मानली गेली आहे, हे कळायला वेळ लागला.

मी काम मात्र मन लावून केलं. मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंतच्या पट्ट्यात बगीचे निवडले. कोणाला नवं औषध द्यायचं आणि कोणी नेहमीचीच फवारणी ठेवायची हे मी सगळ्यांच्या समोर चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे कोणी म्हणायला नको की ओळखीच्यांना दिलं. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली त्यांना औषध फुकट. मोजणीसाठी मी संत्रा तोडणीला जाणाऱ्या बायकाच घेतल्या. त्यांचे डोळे तयार असतात. दर सोमवारी ठरलेल्या झाडाखाली जायचं, पडलेली फळं मोजायची, वहीत लिहायची, फळं उचलून बाजूला करायची. आणि एक नियम मी स्वतः घातला: आदल्या दिवशी शेतमालकाला फोन करायचा. कोणाच्या वावरात न सांगता कसं घुसायचं? आमच्याकडे ते बरं दिसत नाही.

हा नियम माझा होता. तो मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, आईने लावलेल्या वळणातून घेतला होता. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

आकडे यायला लागले आणि सगळे खूश झाले. नव्या औषधाच्या बगीच्यांत गळ अगदी कमी, नेहमीच्या फवारणीच्या बगीच्यांत भरपूर. इतका स्वच्छ फरक मी शिकवण्याच्या उदाहरणांतच पाहिला होता. सरांनी निबंधाचा पहिला खर्डा पाठवला. माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर. मी ते पान छापून बाबांना दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण माझं आडनाव त्यांनी बोटाने शोधलं आणि तिथेच बोट ठेवून बसले.

पोळ्याला घरी आले होते. पोळ्याआधीच्या रविवारी मी मोहगावकडे एका काकूंचा डबा परत द्यायला गेले. मागच्या खेपेला त्यांनी मला त्यातून रोडगे दिले होते. काकूंचा बगीचा आमच्या चिठ्ठीतला, नव्या औषधाचा. उद्याच्या मोजणीचा फोन सकाळी झाला होता, पण मी स्वतः येतेय हे सांगितलं नव्हतं, डबाच तर द्यायचा होता.

काकू आणि त्यांची सून झाडाखाली वाकलेल्या होत्या. दोघींच्या हातात घमेली. हिरवी फळं उचलून घमेल्यात, घमेलं भरलं की धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, खड्ड्यात. मी खड्ड्याशी जाऊन पाहिलं. वरची फळं ताजी होती. खालची सडून काळी झाली होती, म्हणजे हे काम पहिल्यांदा होत नव्हतं.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"अवं, ये ना! काही नाही, सफाई करून राहिलो. उद्या तुह्या बाया येऊन राहिल्या ना मोजाले."

"त्या पडलेली फळंच मोजायला येतात!"

"हाव ना. मोजू दे ना. दोन-चार ठेवतो आमी प्रत्येक झाडाखाली." काकूंनी खरोखर समजावणीच्या सुरात सांगितलं. "बिचाऱ्या इतक्या दुरून येतात, त्याईले काहीच नाही सापडलं तं बरं नाही वाटत."

सून म्हणाली, "मी तं म्हटलं पाच-पाच ठेवा. आत्याबाई म्हणते जास्त दिसते."

मी धुऱ्यावर बसले. काकूंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पाणी आणलं.

"पण कायले काकू? काहून उचलता?"

"काहून म्हणजे? तुमी एवढं औषध फुकट देल्लं. उद्या तुहा साहेब आला आन् खाली सडा पडलेला दिसला, तं त्याले काय वाटन? इतकं देऊन बी यायच्या बगीच्यात फळं गळूनच राहिले! तुही नाचक्की होईन ना माय. आमाले थोडी लाज हाय का नाही?"

शेजारचा बगीचा नेहमीच्या फवारणीचा होता. चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली नव्हती. मी तशीच तिकडे गेले. झाडांखाली हिरवी फळं जशी पडली तशी होती. मालक भाऊ पाटाचं पाणी वळवत होते. मी विचारलं, तुम्ही मोजणीच्या आधी फळं उचलता का?

"मी? मी कायले उचलू? मले कोन काय देल्लं? आमचं आपलं जुनंच औषध. पडले तं पडले, मोजा म्हणा."

त्या दिवशी मी आणखी जिथे जिथे गेले तिथे हेच. ज्यांना औषध मिळालं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी उपकाराची फेड म्हणून बगीचा झाडून ठेवला होता. ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना झाडायचं कारण नव्हतं. आमचा सुंदर फरक औषधाचा नव्हता, झाडण्याचा होता. आणि आदल्या दिवशी फोन करून झाडायची आठवण मीच करून देत होते.

मला काकूंचा राग आला नाही. स्वतःचा आला, पण तो थोडा वेळ. चूक झाली तर ती दुरुस्त करता येते, त्यासाठीच तर हा विषय आहे. मी घरी येऊन सगळं लिहून काढलं आणि सरांना फोन केला. मला वाटलं, ते हसतील, म्हणतील, बरं झालं वेळेत पकडलंस.

ते म्हणाले, "प्रत्येक क्षेत्रीय अभ्यासात थोडा गोंधळ असतोच."

"सर, हा गोंधळ दोन्हीकडे सारखा नाही. एकाच बाजूचा आकडा कमी करतो. नमुना कितीही वाढवला तरी तो जाणार नाही." हे मला त्यांनीच शिकवलं होतं, अगदी याच शब्दांत.

"ड्रोनच्या चित्रांचा निकालही तोच येतोय ना?"

"तो प्रोग्राम आपल्याच मोजणीवर शिकलाय सर. आपण चुकीचं शिकवलं, त्याने चुकीचं पाठ केलं."

"आपण बैठकीत बोलू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बैठक संगणकावर झाली. मी खड्ड्याचे फोटो दाखवले. चित्रांच्या गटातला एक तरुण म्हणाला, "मग समीकरणात पाहुणचार हा घटक घालायचा का?" सगळे हसले. कृषीचे डॉक्टर हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.

मग मला सांगण्यात आलं की हल्ली मोठी नियतकालिकं पद्धत नवी आहे का ते पाहतात. आमची नवलाई चित्रांत आणि प्रोग्राममध्ये आहे, जमिनीवरची मोजणी म्हणजे नुसता आधार. मी म्हणाले, आधारच सडका आहे. सर म्हणाले, "भाषा सांभाळ."

मला चीड आहे ती याची. गेली काही वर्षं प्रत्येक कार्यशाळेत मी ऐकते की उपयोजित संख्याशास्त्राचं भविष्य प्रचंड माहितीत आहे, यंत्राला शिकवण्यात आहे, वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र येण्यात आहे. मला ते पटतं. ती साधनं मलाही येतात, मी ती रात्रंदिवस बसून शिकले. पण त्या सगळ्या इमारतीच्या तळाशी कोणीतरी झाडाखाली वाकून फळ मोजतं, आणि त्याच्या आधी कोणीतरी ते फळ का उचललं हे विचारायला एकही माणूस तिथे जात नाही. गेला तर त्याला 'फील्ड' म्हणतात. त्याचं म्हणणं म्हणजे किस्सा, त्यांचं म्हणणं म्हणजे निष्कर्ष. एकत्र काम म्हणजे सहा जणांनी एकमेकांच्या तुकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं, आणि ज्याने डोळे उघडले त्याला 'सोबत काम करायला कठीण' ठरवणं.

हे शेवटचे शब्द माझे नाहीत. बैठकीनंतर सरांनी वेगळा फोन केला, तेव्हाचे आहेत.

"हे बघ, करिअर सहकार्यातून उभं राहतं. लोकांना तुझ्यासोबत काम करणं कठीण वाटायला लागलं तर पुढचा प्रकल्प तुला कोण देईल? तू कुठून आलीस आणि कोणामुळे आलीस, याचा जरा विचार कर."

"सर, शेतकरी हे वाचून औषध विकत घेतील."

"ते कंपनी आणि शेतकरी बघतील. आपण सल्ला देत नाही, निबंध लिहितो."

मी "हो सर" म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी म्हणाले. सवय होती.

बहार अजून संपला नव्हता. राहिलेल्या आठवड्यांत मी बायकांना सांगितलं, आता फोन नाही, वार ठरलेला नाही. काकूंसारख्यांच्या घरी स्वतः जाऊन हात जोडले की फळं उचलू नका. हे समजावणं सोपं नव्हतं. एक आजोबा रागावले: "म्हणजे आमी बगीचा घाण ठेवाचा? तुह्या इज्जतीसाठी तं करून राहिलो होतो!" मोजणीच्या बायकांतली एक जण शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, आमाले तं पहिल्याच हप्त्यात दिसलं होतं. खाली जमिनीवर घमेले ठेवल्याचे गोल-गोल निशान होते ना."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी मोजा म्हटलं, आमी मोजलं. निशानाचा रकाना कुठं होता वहीत?"

तो नव्हता. वही मी आखली होती.

नव्या मोजणीत फरक जवळजवळ उरला नाही. औषध कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. तेवढ्या थोड्या आठवड्यांवरून तेही म्हणता येत नाही. पण ज्या फरकावर निबंध उभा होता तो दिसत नव्हता. मी हिशेब, वह्यांचे फोटो, सगळं प्रकल्पातल्या सगळ्यांना पाठवलं. सरांचं एका ओळीचं उत्तर आलं: नंतरची मोजणी ठरलेल्या आराखड्याबाहेरची असल्याने ती वगळावी. बाकी कोणाचं काही नाही. खर्डा होता तसाच पुढे सरकला.

मग मी पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'आपले माझ्यावर अनंत उपकार आहेत' हे वाक्य तीन वेळा आलं होतं. तिन्ही खोडली. उपकार खोटे होते म्हणून नव्हे. त्यांनी मला खरंच शिकवलं, खरंच उभं केलं. पण तेच वाक्य काकूंच्या घमेल्यातही होतं, आणि त्यानेच इतका घोळ केला होता. शेवटी पत्रात दोन ओळी राहिल्या: या आकड्यांवर माझा विश्वास नाही. माझं नाव काढावं.

नाव काढलं. शिफारसपत्र आलं नाही. त्या वर्षीची कायम जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, आणि मी जूनमध्ये पुन्हा कंत्राटावर रुजू झाले.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते अंगणात जुन्या पेटीच्या फळ्यांचा पाट करत होते.

"नाव काहाडलं? छापलेलं?"

"हो बाबा. खोटं होतं ते."

"तू खोटं लिवलं होतं?"

"नाही."

"मंग तुहं नाव काहून काहाडाचं? ज्यानं खोटं लिवलं त्याचं काहाडाव ना." ते खिळा ठोकत राहिले. पुढचा खिळा घेताना म्हणाले, "त्या सरचे उपकार हाय बाई आपल्यावर." छापलेलं ते पान त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. ते अजून तिथेच आहे, मी काढायला सांगितलं नाही.

निबंध प्रसिद्ध झाला. मी तो वाचला, शेवटपर्यंत. शेवटी आभार होते. निधी देणाऱ्यांचे, बगीचेमालकांचे, आणि 'स्थानिक समन्वयासाठी' माझे, नावानिशी. माझं नाव लेखकांतून काढलं आणि आभारात टाकलं. मी इतकी कधी रागावले नव्हते. नाव काढून घेणं हा माझा निषेध होता, तोही त्यांनी मदत म्हणून मांडला. मी पुन्हा पत्र लिहिलं की आभारातूनही काढा. उत्तर आलं, प्रसिद्ध झाल्यावर बदल होत नाहीत, आणि खाली एका सहकाऱ्याने आपुलकीने लिहिलं होतं की आभार मानले तर कोणी रागावतं का.

मी नियतकालिकाच्या संपादकांनाही सगळं पाठवलं. 'विचाराधीन' एवढंच उत्तर आलं आहे, त्याला बरेच महिने झाले.

यंदा पावसाळ्यात सौंसरला कृषी केंद्रात गेले. बाबांच्या दोन झाडांसाठी चुना हवा होता. काउंटरच्या मागे भिंतीवर एक रंगीत कागद चिकटवलेला: फळगळीवर शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला उपाय. खाली आमच्या निबंधातली आकृती. तोच स्वच्छ फरक.

दुकानदार भाऊ मला शाळेपासून ओळखतात. त्यांचा चेहरा उजळला. "ताई, हे तुमचंच काम हाय ना? मी सगळ्यायले सांगून राहिलो, आपल्या इकडची पोरगी हाय यात!"

"माझं नाव नाही त्यात."

"नाव नाही टाकलं? बघा, मोठे लोक असेच लबाड असते. मेहनत तुमची, नाव त्याईचं."

"भाऊ, मीच काढायला लावलं. हे आकडे बरोबर नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग औषधाच्या मांडलेल्या बाटल्यांकडे. "आता लोक घेऊन राहिले, तं मी नाही कसा म्हणू? दुकान हाय ताई माझं."

"नाही म्हणू नका. मला एक कागद द्या आणि पेन द्या."

मी तिथेच उभं राहून लिहिलं. मोजणीच्या आधी औषधवाल्या बगीच्यांतली पडलेली फळं उचलली गेली होती. कशी, का, कोणाच्या चुकीने, तेही लिहिलं. आणि लिहिलं की या औषधाने गळ थांबते की नाही हे अजून कोणाला माहीत नाही, ज्याला पाहायचं असेल त्याने आधी चारच झाडांवर मारून पाहावं, चार झाडं तशीच ठेवावी, आणि खालचं एकही फळ उचलू नये. खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. आढेवेढे घेत भाऊंनी चिकटपट्टी दिली. वर लावू दिलं नाही, खाली, तराजूच्या बाजूला जागा दिली.

मी पट्टी दाबत असताना एक शेतकरी मागून वाचत होते. आधी वरचा कागद, मग माझा. दोन्ही वाचायला त्यांनी पुरेसा वेळ घेतला.

"खालचं कोणी लिवलं?"

"मी."

"वरचे तं म्हणते सिद्ध झालं. तुमी म्हणता माहीत नाही. इतकं शिकून माहीत नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून ते पुन्हा माझ्या कागदाजवळ वाकले.

"बरं, चार झाडं म्हणजे कोनचे? कडेचे का मधले?"

"चिठ्ठ्या टाकून ठरवा," मी म्हणाले, आणि भाऊंकडून आणखी एक कागद मागून घेतला.